१९१७ सालचा एक माजी विद्यार्थी संघ



शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत पुष्कळ जण लिहितील आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. म्हणून संपादक मंडळाच्या संमतीने मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. माजी विद्यार्थी एकत्र आले म्हणजे सत्कार होतात, जेवण होते, फोटो निघतात आणि पुढच्या भेटीची तारीख ठरते. याखेरीज आणखी काय होऊ शकते, याचा एक खरा इतिहास मला सांगायचा आहे. तो मुंबईत सुरू होतो, परदेशात जाऊन येतो आणि आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठापर्यंतही पोहोचतो.

या इतिहासाकडे मी वळले ती माझ्या हुद्द्यामुळे. मी संगणक अभियंता आहे आणि गेली काही वर्षे माझ्या हुद्द्यात ‘आर्किटेक्ट’ हा शब्द आहे. गावी आले की एखादी काकू हमखास विचारते, “मग आता बंगल्यांचे प्लॅन काढतेस का गं?” बंगल्यांचे नाही, सॉफ्टवेअरचे आराखडे काढते, असे सांगितले की त्यांची थोडी निराशा होते. पण काकूंचा प्रश्न चुकीचा नाही. घर बांधणाऱ्यांचा शब्द आमच्याकडे कसा आला, हे मी शोधू लागले, आणि शोधता शोधता मुंबईच्या एका माजी विद्यार्थी संघापाशी येऊन थांबले.

मुंबई, मे १९१७

सर ज. जी. कलाशाळा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘जे. जे.’, १८५७ साली सुरू झाले. पुढे तिथे वास्तुकलेचे शिक्षण मिळू लागले. तिथून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांपुढे मोठी अडचण होती. मुंबईतल्या मोठ्या इमारतींची कामे प्रामुख्याने इंग्रज वास्तुविशारदांकडे असत. आपल्याकडची मुले त्यांच्या कार्यालयात नकाशे काढणारी, मोजमापे घेणारी. वास्तुविशारद म्हणजे नेमका कोण, हे ठरवणारा कायदाही देशात नव्हता. शिक्षण संपले की ज्याने त्याने आपापल्या नशिबाने शिकावे, अशी स्थिती होती.

१२ मे १९१७ रोजी जे. जे.च्या वास्तुकला विभागातील माजी विद्यार्थ्यांनी एक संघ स्थापन केला. नाव साधे होते, ‘आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन’. शाळा सोडलेली मुले, पण नावात त्यांनी ‘विद्यार्थी’ हा शब्द ठेवला. अध्यक्ष म्हणून त्यांनी जॉर्ज विटेट यांना घेतले. गेट वे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) या वास्तू ज्यांच्या आराखड्यावर उभ्या आहेत, तेच हे विटेट. ते मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद होते. म्हणजे ज्या व्यवसायाचे दार उघडायचे होते, त्याच व्यवसायातला सर्वांत ज्येष्ठ माणूस या मुलांनी आपल्या बैठकीत आणून बसवला.

पाच वर्षांनी, १९२२ साली, संघाचे नाव ‘बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन’ झाले. १९२९ साली ते ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाले. आज देशभर शाखा असलेली वास्तुविशारदांची हीच संस्था. एका शाळेचा माजी विद्यार्थी संघ बारा वर्षांत साऱ्या देशाच्या व्यवसायाची संघटना झाला.

१९३४ साली संस्थेने स्वतःचे नियतकालिक सुरू केले. बैठकीत बोललेले त्यामुळे छापले जाऊ लागले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बैठकीत ऐकलेले ज्ञान उपस्थितांपुरते राहते. छापले की ते पुण्याला, नागपूरला आणि बैठकीला येण्याइतके गाडीभाडे नसलेल्या माणसालाही मिळते.

नोव्हेंबर १९३७ मध्ये संस्थेने मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ नावाचे प्रदर्शन भरवले. आधुनिक घराच्या सजवलेल्या खोल्या तिथे लोकांना प्रत्यक्ष पाहायला मिळाल्या. तोवर व्यावसायिकांत चाललेली चर्चा त्या निमित्ताने घरात राहणाऱ्या माणसांसमोर आली. त्याच काळात गजानन बाबुराव म्हात्रे यांच्यासारखे मराठी वास्तुविशारद ओव्हल मैदानाजवळ आणि मरीन ड्राइव्हवर इमारती उभारत होते. ‘एम्प्रेस कोर्ट’ आणि ‘सूना महल’ या त्यांच्याच. मुंबईतला हा आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. एकेका इमारतीवर एकेकाचे नाव असते, पण तो सबंध समूह पाहताना जाणवते की ही माणसे एकमेकांचे काम पाहत होती.

आणि कायदा? वास्तुविशारद ही पदवी कोणी लावावी हे ठरवणारा अधिनियम १९७२ साली झाला. म्हणजे १९१७ पासून पंचावन्न वर्षे या लोकांनी कायद्याचे पाठबळ नसताना केवळ भेटून, बोलून, लिहून आपल्या व्यवसायाची शिस्त सांभाळली.

खुर्चीवर कोण बसले होते?

कोणत्याही परिषदेचा इतिहास वाचताना मला वक्त्यांच्या यादीइतकाच श्रोत्यांमध्ये कोण होते हा प्रश्न पडतो. सुरुवातीच्या त्या संघात बायका नव्हत्या. पेरीन जमशेटजी मिस्त्री या जे. जे.मधून १९३६ साली वास्तुकलेची पदविका घेऊन बाहेर पडल्या. भारतात हे शिक्षण पूर्ण करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते, आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सवर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला सदस्य. त्यांचे वडील स्वतः नावाजलेले वास्तुविशारद होते. घरातच व्यवसाय असला की पहिली ओळख करून घ्यावी लागत नाही, ती जन्मापासून असते.

दुसरे नाव मिनेट डी सिल्व्हा. श्रीलंकेतल्या कँडीची ही मुलगी मुंबईत शिकायला आली. १९४२ साली गांधीजींच्या अटकेविरुद्धच्या निषेधात ती सहभागी झाली आणि तिला जे. जे. सोडावे लागले. पण मुंबईत जमलेल्या ओळखी सुटल्या नाहीत. १९४६ साली मुल्कराज आनंद आणि इतरांबरोबर ‘मार्ग’ या नियतकालिकाच्या स्थापनेत ती होती. १९४७ साली इंग्लंडमधल्या ब्रिजवॉटर येथे जगभरच्या आधुनिक वास्तुविशारदांची काँग्रेस भरली, तिथे ती हजर होती. पुढे ती श्रीलंकेत परतली आणि तिथल्या कारागिरांना हाताशी धरून तिने घरे बांधली. वर्ग बंद झाला तरी तिचे शिक्षण चालू राहिले ते या माणसांच्या जाळ्यामुळे.

ही दोन नावे वाचून सोपा निष्कर्ष काढू नये. दोन बायका आत आल्या म्हणून दार सर्वांना उघडले असे होत नाही. म्हणून मला फेब्रुवारी २००० मध्ये मुंबईत झालेली परिषद मोलाची वाटते. वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या पुढाकाराने, हेकार फाउंडेशनतर्फे, ‘विमेन इन आर्किटेक्चर २००० प्लस’ ही परिषद आणि प्रदर्शन भरले. दक्षिण आशियातल्या वास्तुविशारद स्त्रियांचे काम तिथे मांडले गेले. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या गावांत एकट्याने काम करणाऱ्या बायकांनी तिथे एकमेकींचे आराखडे पाहिले. आणि १९३४ च्या नियतकालिकाचीच रीत इथेही पाळली गेली. परिषदेतील मांडणीचे ‘अॅन इमॅन्सिपेटेड प्लेस’ हे पुस्तक निघाले. त्यामुळे ज्या तिथे नव्हत्या त्यांनाही ती परिषद वाचता आली.

शब्द आमच्याकडे कसा आला

आता संगणकाकडे वळते. १९६४ साली आयबीएम कंपनीच्या अभियंत्यांनी आपल्या नव्या संगणकमालिकेबद्दल लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकात ‘आर्किटेक्चर’ हा शब्द वापरला. आतली यंत्रे कशीही असोत, वापरणाऱ्याला समोर जे दिसते आणि ज्यावर तो विसंबतो, ती रचना असा त्यांचा अर्थ होता. घराच्या बाबतीतही तेच खरे आहे. वापरणाऱ्याला जिना कुठे आणि खिडकी कुठे हे कळले की पुरते, आतली सळई किती जाडीची ते गवंडी आणि अभियंता पाहतात.

१९६८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीत गार्मिश या गावी एक परिषद झाली. अकरा देशांतली सुमारे पन्नास माणसे जमली. मोठी सॉफ्टवेअरे वेळेत पुरी होत नव्हती, खर्च आवरत नव्हता, चुका निस्तरता येत नव्हत्या. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला तो या परिषदेपासून. तिथे डेन्मार्कचे पीटर नाउर यांनी सुचवले की आपली अडचण नगर आणि कारखाने उभारणाऱ्यांच्या अडचणीसारखीच आहे, तेव्हा त्यांच्याकडून शिकू. आणि त्यांनी एका पुस्तकाचे नाव घेतले. ते ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाचे १९६४ सालचे पुस्तक होते.

या पुस्तकात आपल्याला जवळचे असे काही आहे. अलेक्झांडर साठच्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या बावरा नावाच्या खेड्यात राहिले होते. पुस्तकात उदाहरण म्हणून त्यांनी भारतीय खेड्याच्या १४१ गरजा मांडल्या. पाणी, गुरे, शेत, रस्ता, जातीपातीचे व्यवहार, सणवार असे सगळे त्यात आले. कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतलेली आहे हे शोधून त्यांनी त्यांचे गट पाडले. आज आम्ही मोठे सॉफ्टवेअर तोडून लहान भाग पाडतो, तेव्हा नेमके हेच करत असतो. ज्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत त्या एकत्र ठेवायच्या आणि बाकीच्या मोकळ्या सोडायच्या. माझ्या व्यवसायाच्या मुळाशी एक गुरे-ढोरे असलेले, पाण्याची चिंता करणारे खेडे आहे, हे कळले त्या दिवशी मला फार बरे वाटले.

१९६८ सालीच मेल्विन कॉनवे यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे की कोणतीही संस्था जी रचना घडवते, तिच्यात त्या संस्थेतली माणसे आपसांत कशी बोलतात याचाच ठसा उमटतो. आपल्या स्नेहसंमेलनाचे उदाहरण घ्या. नाटक बसवणारे सर आणि नाच बसवणाऱ्या बाई यांचे आधी बोलणे झाले नाही, तर कार्यक्रमपत्रिकेत दोन्ही ओळीने येतात आणि मध्ये नेपथ्य बदलायला वेळच उरत नाही. पडदा अडतो, मुले गोंधळतात. चूक मुलांची नसते. जी दोन माणसे बोलली नाहीत, त्यांच्यातले अंतर रंगमंचावर दिसते. सॉफ्टवेअरचेही तसेच, धरणाचे आणि कालव्याचेही तसेच.

पुढे १९९४ पासून अमेरिकेत इलिनॉय राज्यात सॉफ्टवेअरच्या रचनांवर एक छोटी परिषद भरू लागली. तिची पद्धत मोठी न्यारी आहे. लेखकाने आपला लेख पाठवायचा, सर्वांनी तो आधीच वाचून यायचा, आणि मग लेखकाने गप्प बसायचे. बाकीच्यांनी आधी त्यात काय चांगले आहे ते सांगायचे, नंतर काय सुधारता येईल ते. लेखकाने मध्ये खुलासा करायचा नाही. कारण लेख वाचणाऱ्या परक्या माणसाजवळ खुलासा करायला लेखक कधीच नसतो. १९९६ साली अशाच अभियंत्यांच्या एका मोठ्या परिषदेत अलेक्झांडर स्वतः बोलायला आले. तुम्ही माझी पद्धत घेतलीत, पण तिने माणसांचे जगणे चांगले होते का हे तपासता का, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. हा प्रश्न मी अजून जपून ठेवला आहे.

हीच रीत आपल्या राहुरीत

हे सगळे वाचताना मला सारखे वाटत होते की ही पद्धत मी कुठेतरी आधी पाहिली आहे. आणि ती खरोखरच आपल्या शाळेपासून काही किलोमीटरवर चालू होती.

राज्याचे कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले, गार्मिशच्या परिषदेच्या काही महिने आधी. पुढच्या वर्षी विदर्भासाठी अकोल्याला स्वतंत्र विद्यापीठ झाले, १९७२ साली परभणी आणि दापोलीची झाली. आपले राहुरीचे ते महात्मा फुले कृषी विद्यापीठ. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील तिथे नोकरीला होते, आणि बाकीच्यांच्या शेतात तिथले बियाणे होते.

या चार विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांची दरवर्षी एकत्र बैठक होते. तिचे पूर्ण नाव संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीची बैठक, पण विद्यापीठात तिला सगळे ‘जॉइंट अॅग्रेस्को’ म्हणतात. यजमानपद आळीपाळीने चौघांकडे जाते. राहुरीची पाळी आली की अतिथिगृहे भरतात आणि विद्यापीठाच्या गाड्यांची धावपळ सुरू होते. बाहेरून पाहणाऱ्याला हे नुसते सरकारी संमेलन वाटते. आत काय चालते? एखाद्या शास्त्रज्ञाने नवे वाण, नवे अवजार किंवा लागवडीची नवी शिफारस तयार केली असेल, तर ती त्याला इतर तीन विद्यापीठांतल्या जाणकारांसमोर मांडावी लागते. चाचण्या किती हंगाम घेतल्या, किती ठिकाणी घेतल्या, हलक्या जमिनीत काय झाले, रोग आला का, खर्च किती, असे प्रश्न येतात. काही शिफारशी मान्य होतात. काहींना आणखी चाचण्या घेऊन या म्हणून परत पाठवतात. वाणाला त्यानंतरही पुढचे टप्पे असतात. शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचण्याआधी त्या कल्पनेला परक्यांच्या प्रश्नांतून जावे लागते.

आपल्या भागातला को ८६०३२ हा ऊस घ्या. त्याची पैदास कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेतली. आपल्याकडच्या हवामानात तो कसा येतो हे पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने तपासले. हे केंद्र १९३२ पासूनचे आणि आज आपल्याच विद्यापीठाचे. तामिळनाडूतली संस्था, सातारा जिल्ह्यातले केंद्र आणि राहुरीचा शेतकरी हे एका साखळीत आले ते एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांमुळे. साखर कारखान्यांचेही तेच. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द आणि धनंजयराव गाडगीळांचे अर्थशास्त्र एकत्र आले होते, हे आपण शाळेत शिकलो. पण कारखाना रोज चालवायचा म्हणजे रसाची शुद्धी, बाष्पक, साखरेचा उतारा हे सांभाळणारे तंत्रज्ञ हवेत. त्यांची डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन ही पुण्यातली संघटना १९३६ पासून आहे आणि तिची वार्षिक अधिवेशने भरतात. एका कारखान्यातला केमिस्ट दुसऱ्या कारखान्यातल्या केमिस्टला अशा ठिकाणी भेटतो. कारखान्यांत उसासाठी कितीही ओढाताण असली, तरी ही माणसे उतारा कसा वाढला ते एकमेकांना सांगतात.

पुण्यातला माझा अनुभव

मी स्वतः अशा परिषदांना जाऊ लागले ते बऱ्याच उशिरा. पदवीनंतर पुण्यात नोकरी लागली, तेव्हा ‘ओळखी’ हा शब्द मला आवडत नसे. आपल्याकडे ओळख म्हणजे वशिला. आपण अभ्यास करून आलो, आपल्याला कशाला हव्यात ओळखी, असा ताठा होता. पण शहरातल्या मुलांकडे पाहिले तेव्हा कळले की त्यांचा काका, मावशी, शेजारी कुणीतरी याच व्यवसायात असते. कोणते पुस्तक वाचावे, पगाराबद्दल काय बोलावे, कोणते काम नाकारावे हे त्यांना जेवणाच्या ताटावर कळते. आमच्या ताटावर पाटपाण्याची पाळी आणि कांद्याचा भाव यांची चर्चा होई. तीही मोलाचीच, पण तिथे वेगळे ज्ञान होते. राहुरीच्या मुलीला व्यवसायातला काका नसतो. परिषद हा तिचा काका.

काही वर्षांपूर्वी पुण्यात सॉफ्टवेअरच्या रचनेवर एक विभागीय परिषद होती. दोन दिवसांत वक्त्यांच्या यादीत बायका दोनच होत्या. एका सत्रात शेतकऱ्यांसाठीच्या एका मोबाइल ॲपची रचना दाखवली गेली. चित्र देखणे होते. प्रत्येक खातेदाराचा एक मोबाइल क्रमांक, त्यावर येणारा ओटीपी, आणि पुढचे सगळे त्यावर उभे. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. म्हटले, “आमच्या गावात जमीन आईच्या नावावर असते आणि घरातला चांगला फोन मुलाकडे. तो एमआयडीसीत पाळीला गेलेला. ती शेतात, ओटीपी त्याच्या खिशात. अशा वेळी काय होते?”

सभागृह थोडे शांत झाले. वक्ता प्रामाणिक होता. तो म्हणाला, हा विचार आमच्या चित्रात नाही. नंतर चहाच्या वेळी तो मला शोधत आला. त्याच्याबरोबर आणखी चौघे होते. एक सोलापूरकडचा, एक जण बँकेच्या प्रणालीवर काम करणारा. कागदी रुमालावर आम्ही नवे चित्र काढले. एका घरात अनेक खातेदार, एका खात्याला दुसरा विश्वासू क्रमांक, रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये ठेवून नंतर पाठवायची, आणि विश्वासू क्रमांकाने परस्पर काही बदलले तर आईला कळवायचे. शेवटचा मुद्दा सोलापूरच्या मित्राचा. दुसऱ्याच्या हातातला फोन म्हणजे दुसऱ्याच्या हातातला सातबारा, असे तो म्हणाला. काही महिन्यांनी त्या वक्त्याने बदललेले चित्र मला मेलवर पाठवले. त्यात विश्वासू क्रमांक आला होता. आईला कळवण्याचे काम अजून बाकी होते, तेही त्याने लिहिले होते.

कॉनवे यांचे म्हणणे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजले. ज्या खोलीत आराखडा ठरतो, त्या खोलीत राहुरीचे कोणी नसेल, तर आराखड्यात राहुरी नसते. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. बोलणेच झालेले नसते. आणि नुकसान मात्र बांधावर उभ्या असलेल्या बाईचे होते.

त्या परिषदेतून मी आणखी एक सवय उचलली. मोठा निर्णय घेतला की एक पान लिहायचे. कोणता निर्णय, का घेतला, कोणता पर्याय सोडला आणि का. दोन वर्षांनी नवीन आलेली मुलगी विचारते, “हे असे का आहे?” तेव्हा तिला पान दाखवता येते. १९३४ चे ते नियतकालिक आणि अॅग्रेस्कोतल्या शिफारशीमागची चाचण्यांची आकडेवारी हेच काम करते. बोलणे हवेत विरून जाऊ नये म्हणून ते लिहून ठेवायचे.

आपल्या संघासाठी

आता मुद्द्याचे. आपण माजी विद्यार्थी संघ काढला आहे. आपल्या बॅचमध्ये ऊस लावणारे आहेत, दूध संकलन केंद्र चालवणारी आहे, वायरमन, परिचारिका, बांधकाम ठेकेदार, बँक कर्मचारी, शिक्षक, फौजेतून निवृत्त झालेले, आणि माझ्यासारखे संगणकापुढे बसणारे आहेत. १९१७ सालच्या त्या मुलांजवळ एकच विषय होता. आपल्याजवळ वीस आहेत.

माझी विनंती अशी की दरवर्षीच्या मेळाव्यात सत्कार आणि जेवण यांच्या मध्ये दीड तास राखून ठेवावा. त्याला ‘कामाचा तास’ म्हणू. दरवर्षी पाच जणांनी आपले काम दहा दहा मिनिटांत मांडावे. त्यात जमलेले एक आणि न जमलेले एक सांगावे. मग त्यांनी गप्प बसावे आणि बाकीच्यांनी बोलावे, आधी चांगले काय ते, नंतर सुधारण्याजोगे काय ते. नववी-दहावीची आताची मुले-मुली समोर बसवावीत, आणि मुलींना पहिल्या रांगेत. प्रश्न विचारण्याचा पहिला मान त्यांचा. जे बोलले जाईल त्याची नोंद एखाद्या वर्गमित्राने करावी आणि पुढच्या स्मरणिकेत छापावी. कोण कोणत्या कामात आहे याची यादी, संबंधितांच्या संमतीने, शाळेच्या कार्यालयात ठेवावी, म्हणजे बारावीनंतर गोंधळलेल्या मुलीला कोणाला विचारावे हे कळेल.

याला फारसा खर्च नाही. खडू, फळा आणि चहा शाळेत आहेच. आपले सर आणि बाई यांनी अध्यक्षस्थानी बसावे. फळ्यापुढे बोलावून “बोल, घाबरू नकोस” हे त्यांनीच आम्हाला पहिल्यांदा सांगितले, तेव्हा या कामाला त्यांच्याहून योग्य कोणी नाही.

पहिल्या वर्षी बोलणाऱ्या पाचांमध्ये माझे नाव धरावे. विषय मी ठरवून ठेवला आहे, ‘आईच्या नावावरची जमीन आणि मुलाच्या खिशातला फोन’. उरलेल्या चार जागांसाठी ज्यांना बोलायचे आहे त्यांनी आपली नावे वर्गप्रतिनिधींकडे द्यावीत, ही विनंती.